घरी मायनिंग मशीन : एस९, एस१९ की एस२१? खान्देशातलं बिल आणि ऊन धरून सांगा

चोपडेकर
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची शेती आहे, कापूस आणि थोडी केळी. धाकटा भाऊ डिप्लोमा करून घरी आहे आणि सहा महिन्यांपासून त्याने बिटकॉइन मायनिंगचा, म्हणजे मशीनला सतत आकडेमोड करायला लावून बिटकॉइन हे डिजिटल नाणं मिळवण्याचा, ध्यास घेतलाय. ओळखीतला एक जण वापरलेलं अँटमायनर एस१९ (९५ टेराहॅश, म्हणजे आकडेमोडीचा वेग) ४८ हजाराला देतोय. दोन घेतली तर ९० हजार. सहा-सात महिन्यांत पैसे वसूल, असं त्याचं म्हणणं.

कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेत. वडील म्हणतात, तुम्ही शिकलेले, तुम्हीच बघा. भावाला नुसतं "नको" म्हणून मोडता घालायचा नाही. तो रात्र-रात्र बसून वाचतो, त्याची धडपड खरी आहे. म्हणून विचारतो : घरच्या मीटरवर यातलं कोणतं मशीन परवडेल? जुनं एस९ स्वस्त मिळतं, नवं एस२१ महाग आहे. टेबलावर ठेवायची लहान मशीनंही निघालीत म्हणे. आमच्याकडे कापूस भरायची एक खोली पाच-सहा महिने रिकामी असते, तिथे बसवायचा विचार आहे.

तापीकाठ
चोपडेकरभाऊ, खोलीचं वाचलं आणि लिहायला बसलो. मी भुसावळचा. २०१८ साली दोन एस९ घेऊन हे सगळं केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एस९ म्हणजे साधारण साडेतेरा टेराहॅश आणि १३५० वॅट. मी घेतली तेव्हा ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा पक्का केला की, साडेबारा बिटकॉइन मिळायचे आणि भाव नुकताच २० हजार डॉलरच्या जवळ जाऊन आला होता. त्याच वर्षी डिसेंबरात भाव साडेतीन हजारांच्याही खाली गेला. पण मला आधी भावाने नाही, उन्हाने गाठलं.

एस९ च्या पत्रकात बाहेरची हवा ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ असतं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. दुपारी बारा वाजले की चिपचं तापमान चढायचं, पंखे किंचाळायचे आणि मशीन स्वतःच बंद पडायचं. मी कूलर लावला. कूलरच्या ओल्या हवेने दोन महिन्यांत बोर्डाच्या कनेक्टरवर हिरवट थर धरला. मग एसी लावला, आणि एसीचं बिल मायनिंगच्या कमाईतून वजा करायचं असतं हे पहिल्या महिन्यात लक्षातच आलं नाही.

आता तुमच्या खोलीबद्दल. कापूस भरलेल्या खोलीत झाडून-पुसून घेतलं तरी भिंतीच्या खाचांत, वाशांवर तंतू राहतोच. माझं घर जिनिंगपासून अर्ध्या किलोमीटरवर होतं. तरी दिवाळीनंतर एकदा मशीन उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या नमद्यासारखा थर बसला होता, बोटाने उचलला तर सलग पट्टी निघाली. त्याच्याखालच्या चिपा काळ्या पडल्या होत्या. तीनपैकी एक हॅशबोर्ड (चिपांची पाटी) गेला. दुरुस्ती करणारा पुण्यात. पाठवला, दीड महिन्याने आला, पुन्हा गेला.

त्या खोलीत मशीन बसवू नका. एवढं तर माझ्या अनुभवावरून नक्की सांगतो.

हिशेबनीस
तापीकाठ यांनी उन्हाचं सांगितलं, मी आकडे मांडतो. चोपडेकर, हे भावाला शेजारी बसवून वाचा.

बिटकॉइनचं जाळं दर दहा मिनिटांना सरासरी एक ब्लॉक काढतं, दिवसाला १४४. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीनांना मिळून दिवसाला ४५०. ब्लॉकमध्ये व्यवहार शुल्कही असतं, पण बहुतेक दिवशी ते किरकोळ, म्हणून सोडून देतो.

२०२५ मध्ये जाळ्याची एकूण ताकद १००० एक्झाहॅशच्या घरात पोचली. टेराहॅशमध्ये लिहायचं तर १०० कोटी टेराहॅश. ४५० बिटकॉइन १०० कोटींत वाटले की एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला ४५ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. बिटकॉइनचा भाव हिशेबापुरता ८० लाख रुपये धरा, ४५ सातोशीचे झाले ३ रुपये ६० पैसे.

आता मशीनं. घरगुती वीज वरच्या टप्प्यात सगळे आकार धरून १५ रुपये युनिट धरतो.

एस९ : दिवसाची कमाई ४९ रुपये. वीज ३२.४ युनिट, ४८६ रुपये.
एस१९ (९५ टेरा, ३२५० वॅट) : कमाई ३४२. वीज ७८ युनिट, ११७० रुपये.
एस२१ (२०० टेरा, ३५०० वॅट) : कमाई ७२०. वीज ८४ युनिट, १२६० रुपये.
अ‍ॅव्हलॉन नॅनो ३ (टेबलावरचं लहान मशीन, ४ टेरा, १४० वॅट) : कमाई साडेचौदा. वीज ५० रुपये.
बिटॅक्स गॅमा (हेही तसंच लहान, साधारण १.२ टेरा, १८ वॅट) : कमाई सव्वाचार. वीज साडेसहा रुपये.

एकही मशीन स्वतःची वीज फेडत नाही. आणि यात मशीनची किंमत, पूलची (मिळून मायनिंग करणाऱ्या गटाची) वर्गणी, पंखे, दुरुस्ती काहीच धरलेलं नाही.

मशीन घेताना लोक टेराहॅश विचारतात. विचारायचं असतं ते एका टेराहॅशला किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा, लागते ते. एस९ ला शंभराच्या आसपास, एस१९ ला ३४, एस२१ ला साडेसतरा. त्यावरून ना-नफा-ना-तोटा दर निघतो. वरच्या भावाने एस९ ला वीज दीड रुपयाने मिळायला हवी, एस१९ ला ४ रुपये ३८ पैशांनी, एस२१ ला साडेआठ रुपयांनी. त्याहून महाग वीज असेल तर मशीन जितका वेळ चालेल तितका तोटा वाढतो.

यावलकर७
दीपनगर औष्णिक केंद्र आपल्या दारात आहे. भुसावळ परिसराला वीज स्वस्त मिळत असेल ना? तसं असेल तर गणित बदलेल.

हिशेबनीस
नाही भाऊ. महावितरणचा घरगुती दर केंद्राच्या अंतरावर ठरत नाही, आयोगाने ठरवलेला टप्पा सगळीकडे सारखा. आणि टप्पा हीच खरी गोम आहे. १०० युनिटपर्यंतचा दर कमी, पुढे ३००, ५०० आणि त्यावर असा चढत जातो. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आणि वर १६ टक्के वीज शुल्क. एक एस१९ महिन्याला २३४० युनिट खातं. म्हणजे जवळजवळ सगळी वीज सर्वांत महाग टप्प्यात.

वायरमन_धुळे
मी २२ वर्षं घरगुती आणि शेतीच्या वायरिंगची कामं करतोय. मायनिंगमधलं मला कळत नाही, पण ३२५० वॅट चोवीस तास हे कळतं.

२३० व्होल्टवर हे १४ अँपियर झालं. लोक म्हणतात, १६ अँपियरचा पॉवर सॉकेट आहे की! तो गिझरसाठी ठीक, गिझर वीस मिनिटांत बंद होतो. चौदा अँपियर दिवस-रात्र ओढलं की सॉकेटच्या पत्त्या सैल पडतात, काळ्या होतात आणि प्लग वितळून आत चिकटतो. जुन्या घरांत तर ॲल्युमिनियमची वायर असते. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, चांगली अर्थिंग, एवढं तरी पाहिजेच. दोन मशीन म्हणजे साडेसहा किलोवॅट, मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट, व्होल्टेज. एस१९ चा पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टचा असतो. रब्बीत मोटारी चालू झाल्या की डीपीच्या टोकाच्या घरांत मी १७०-१७५ मोजलेत. तिथे हे मशीन चालू होईल, पडेल, चालू होईल, पडेल. एवढ्या भाराचा स्टॅबिलायझर म्हणजे आणखी खर्च.

शिरपूरना_पोऱ्या
भो, आमना गावमा लाईनना काय भरवसा नही. इन्व्हर्टरवर चालेल का हे?

वायरमन_धुळे
घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. एवढा भार तो उचलणार नाही आणि बॅटरीही लगेच उतरेल. नको.

एरंडोलची_लेक
आकडे सगळ्यांनी दिले, मी घरातलं सांगते. २०२१ मध्ये आमच्या घरी मोठ्या दिरांनी सहा ग्राफिक कार्डांचं रिग बसवलं होतं, इथेरियम या दुसऱ्या नाण्यासाठी. सुरुवातीला खरंच पैसे आले, हे मान्य करते. कार्डं तेव्हा दुप्पट भावाने मिळत होती आणि घरातली एक एफडी त्यासाठी मोडली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, एका दिवसात. ती तारीख येणार हे कितीतरी आधीपासून बोललं जात होतं, तरी आमच्याकडे "पुढे ढकलतील" म्हणत राहिले. मग जगभरची कार्डं एकदम बाजारात आली आणि आमची घेतल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शाला गेली.

आवाजाबद्दल कोणी फार लिहिलं नाही. कार्डांचा आवाज तसा बरा. पण दिरांनी चार दिवस मित्राचं एस१९ आणून लावून बघितलं होतं. ७५ डेसिबल असं कागदावर वाचून काही कळत नाही. मिक्सर चालू करा आणि बंदच करू नका, तसं. सासूबाईंना बीपीचा त्रास, माझी मुलगी दहावीला. चौथ्या रात्री सासूबाई अंथरूण घेऊन मळ्यातल्या घरी झोपायला गेल्या. त्यानंतर दिरांनी स्वतःच ते बंद केलं.

चोपडेकर दादा, तुमच्या घरात मशीनच्या शेजारच्या खोलीत कोण झोपणार आहे, हे आधी ठरवा.

रावेर_केळीवाला
एक कल्पना सुचते. आमच्याकडे केळी पिकवणीच्या चेंबरमध्ये थंडावा असतो. मशीन तिथे ठेवलं तर उन्हाचा प्रश्न सुटेल का?

तापीकाठ
उलट होईल. मशीनमध्ये जाते ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ३२५० वॅट म्हणजे एक टनाचा एसी जेमतेम जेवढी उष्णता बाहेर फेकतो तेवढी. चेंबर १६-१८ अंशांवर धरायला आधीच कॉम्प्रेसर राबतोय, त्यात ही चूल पेटवली तर त्याचं बिल वाढेल आणि मशीनजवळच्या क्रेटमधला माल आधी पिवळा होऊन बाकीचा हिरवा राहील. थंड प्रदेशात लोक याच उष्णतेवर घर तापवतात, त्यांना ती फुकट पडते. आपल्याला ती पैसे देऊन घराबाहेर काढावी लागते. मिरची वाळवायचं म्हणाल तर त्यासाठी आपल्या गच्चीवरचं ऊन पुरेसं आहे.

नंदुरबार_एक्सप्रेस
एवढं काय बघताय? शेतीपंपाचं कनेक्शन आहे ना? साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे. विहिरीवरच्या खोलीत बसवा, वीज फुकट.

वायरमन_धुळे
हे कृपा करून कोणी करू नका. पंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली की विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकला तर कलम १३५, ती सरळ चोरी. मशीनचा आवाज शिवारात दूरवर ऐकू जाईल, लपणार नाही. आणि शेतीची लाईन दिवसाचे काही तासच असते, उरलेला वेळ मशीन बंद.

शिवाय त्या डीपीवर बाकीच्या शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. एकाने चोवीस तास भार ओढला आणि डीपी जळाली तर ऐन पाण्याच्या वेळी सगळ्यांचा हरभरा, सगळ्यांची केळी सुकते. डीपी बदलून यायला किती दिवस लागतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

साक्री_सोलर
मग सोलर? साक्री तालुक्यात उन्हाला तोटा नाही, महानिर्मितीचा मोठा प्रकल्पही इथे त्यामुळेच आला. पण घरच्या छतावरचा हिशेब बघा. एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. एका एस१९ ला ७८ युनिट लागतात, म्हणजे साडेएकोणीस किलोवॅट आणि जवळजवळ दोन हजार चौरस फूट मोकळं छत. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर कितीही बसवा, अनुदान ७८ हजारांवर थांबतं.

मी स्वतः सोलर बसवून देतो, तेव्हा दोन सोलर जास्त विकले गेले तर माझाच फायदा. तरी सांगतो : छतावर तयार झालेलं एक युनिट घरात वापरलं तर बिलातले दहा-पंधरा रुपये वाचवतं. तेच युनिट एस१९ ला दिलं तर ४ रुपये ३८ पैसे आणतं. ते फुकटचं आहे म्हणून मशीनला घालणं म्हणजे घरचं तूप चुलीत ओतण्यासारखं.

चोपडेकर_धाकटा
दादाने लिंक पाठवली. सगळं वाचलं. सगळ्यांचा आदर ठेवून तीन गोष्टी विचारतो.

एक, भाव दुप्पट झाला तर? आज तोट्यात काढलेलं नाणं धरून ठेवलं तर पुढे नफ्यात जाईल. दोन, एस१९ चं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून वीज कमी करता येते, ते कोणी धरलं नाही. तीन, लहान बिटॅक्सवर एकट्याने पूर्ण ब्लॉक लागल्याच्या बातम्या आहेत.

हिशेबनीस
धाकटेभाऊ, तीनही प्रश्न चांगले आहेत, तुमचा अभ्यास आहे हे दिसतं.

दुसरा आधी. फर्मवेअरने ३४ चे २८ ज्यूल झाले असं धरू. मग तुम्हाला परवडणारा दर ४.३८ वरून ५ रुपये ३५ पैशांवर जातो. तुमचं युनिट १५ ला आहे.

लहान मशीनवर ब्लॉक लागतो, लोकांना लागलेले आहेत. १.२ टेराहॅशची वर्षाची शक्यता काढा : १.२ भागिले १०० कोटी, गुणिले वर्षाचे ५२,५६० ब्लॉक. सरासरी पंधरा-सोळा हजार वर्षांतून एकदा.

आता पहिला, तो सर्वांत महत्त्वाचा. भाव दुप्पट होईल असा तुमचा विश्वास आहे असं समजू. एस१९ वर तुम्ही रोज ११७० रुपयांची वीज देऊन ३४२ रुपयांचं बिटकॉइन मिळवणार. तेच ११७० रुपये देऊन थेट ११७० चं बिटकॉइन घेता येतं. भाव दुप्पट झाला तर तेही दुप्पट होईल. म्हणजे भाव वाढेल असं वाटत असेल तरीही मशीन हा महागडा रस्ता ठरतो. घ्या असं मी म्हणत नाही, तो जोखमीचाच मामला आहे, फक्त दोन्हींची तुलना दाखवतोय. शिवाय भाव चढला की जगभर नवी मशीनं लागतात आणि दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, काठिण्य (ब्लॉक काढायची अवघडता) वाढतं. तुमचे ४५ सातोशी ४५ राहत नाहीत. २०२८ च्या सुमारास ब्लॉकचं बक्षीस पुन्हा निम्मं होणार, १.५६२५.

भूतानचं सरकार आपल्या जलविद्युतवर मायनिंग करतं. आपली स्पर्धा त्यांच्या नदीशी आहे.

कर_मदतनीस_जळगाव
करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, म्हणून थोडक्यात भर घालते. १ एप्रिल २०२२ पासून या नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. विकताना १ टक्का टीडीएस, तो १ जुलै २०२२ पासून. मायनिंगवाल्यांसाठी महत्त्वाचं : मशीन आणि वीज यांचा खर्च खरेदी किंमत म्हणून वजा होत नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. म्हणजे हिशेबनीसांच्या कोष्टकात तोटा दिसत असला तरी नाणं विकल्यावर आलेल्या रकमेवर कर आहेच. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळताही करता येत नाही.

आणि "मशीन आमच्याकडे, तुम्ही फक्त पैसे भरा, महिन्याला १० टक्के" असं कोणी सांगत आलं तर सावध राहा. गेनबिटकॉइन या फसवणुकीच्या प्रकरणात हेच आश्वासन होतं, दीड वर्षं महिन्याला १० टक्के. महाराष्ट्रातले किती संसार त्यात बुडाले. असे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास मोलाचे असतात.

चोपडेकर
दहा दिवसांनी लिहितोय. काल आम्ही दोघे भाऊ ते मशीन बघायला गेलो. वायरमनभाऊंचं वाचून गावातल्या इलेक्ट्रिशियनचा टोंग टेस्टर (वायरीतला प्रवाह मोजायचं यंत्र) बरोबर घेतला होता.

विकणाऱ्याने आधी फोनमधला फोटो दाखवला, ९५ टेरा. धाकटा म्हणाला, आत्ता चालू करून दाखवा, अर्धा तास. चालू केलं. आवाज एरंडोलच्या ताईंनी लिहिलाय तसाच, दारात उभं राहून एकमेकांचं ऐकू येईना. वीस मिनिटांनी धाकट्याने स्वतः लॅपटॉपवर मशीनचं पान उघडलं. तीनपैकी दोनच बोर्ड दिसत होते, वेग ६३ टेरा. विचारलं तर म्हणाला, तिसरा "कधी कधी" येतो. धाकट्याने पंख्याची जाळी काढून टॉर्च मारला. आत तापीकाठ यांनी सांगितलेला तोच करडा थर.

परतीच्या वाटेवर बराच वेळ तो काही बोलला नाही. अडावदजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, दादा, मशीन नको, पण हे आतून कसं चालतं ते मला शिकायचंय. बिटॅक्सचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे, सर्किटसकट बघायला मिळतं. महिन्याला तेरा युनिट खातं. त्याला एक घेऊन द्यायचं ठरवलं आहे, त्याच्या वाढदिवसाला, कमाईची अपेक्षा न ठेवता. बाकी पैशांतून ठिबकच्या नळ्या बदलतोय.

वायरमनभाऊंना एक विचारायचं होतं. मशीनसाठी म्हणून चार चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर धाकट्याने आधीच आणून ठेवली आहे. गोठ्यातल्या दोन एचपीच्या सिंगल फेज कडबाकुट्टीला ती चालेल का?

वायरमन_धुळे
चालेल, उत्तम चालेल. एमसीबी २० चा टाका, सुरू होताना मोटार जास्त ओढते. गोठ्यात ओल असते, म्हणून वायर पाइपातून न्या आणि अर्थिंग वेगळी करा. जोडायच्या आधी फोटो इथे टाका, बघून सांगतो.